तान्ह्या बाळाला घेऊन दिवसभर जळगावला जाताय? या चुका टाळा

आमचं बाळ पाच महिन्यांचं असताना मार्चमध्ये आम्ही पहिल्यांदा त्याला घेऊन पाचोऱ्याहून जळगावला गेलो. काम एकच होतं, त्याला चांदीचे वाळे घ्यायचे, पण मी म्हटलं जातोच आहोत तर गांधी तीर्थ बघू, फुले मार्केटमधून झबली घेऊ आणि संध्याकाळी मेहरूण तलावावर जाऊ. दुपारी एक वाजता भर बाजारात बाळ असं रडायला लागलं की शेवटी माझ्याच डोळ्यात पाणी आलं. त्यानंतर चार-पाच वेळा जाऊन आलो आणि छान जमलं, कारण दिवसच वेगळा आखला.

पहिली चूक तीच, ठिकाणांची यादी आधी करणं आणि बाळाला त्यात बसवणं. या वयाचं बाळ साधारण दीड-दोन तास जागं राहतं, मग त्याला झोप हवीच, आणि मध्ये दूध. म्हणजे एका जागेपणात एकच ठिकाण होतं, तेही रिक्षात गेलेला वेळ धरून. आता आम्ही सकाळच्या गाडीने निघतो, आधी मेहरूण तलाव, झाडाखाली सतरंजी टाकून निवांत बसायचं, पाखरं दाखवायची, आणि अकराच्या आत मावशीच्या घरी. संध्याकाळी पाचनंतर सराफ बाजार. बस, एवढंच! गांधी तीर्थ शिरसोली रोडला, जैन हिल्सवर, शहराच्या बाहेर आहे, २०१२ साली सुरू झालेलं ते संग्रहालय घाईघाईत बघायचं नाहीच, त्याला वेगळा दिवस द्या.

दुपार मात्र घरातच. नातेवाईक नसतील तर चार तासांसाठी साधी रूम घ्या, पैसे वाया गेले असं अजिबात वाटून घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ च्या पुढे जातो, तेव्हा फारच गरज असेल तरच बाळाला घेऊन निघा.

आता पाण्याचं, यावर मी जरा जास्तच बोलणार. गाडीत कुणीतरी आजी प्रेमाने म्हणतेच, "पोऱ्याले थोडं पानी पाज व माय." सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी लागत नाही, आईच्या दुधातच ते असतं, उलट पाण्याने पोट भरलं की ते दूध कमी पितं. तहान वाटली तर परत अंगावर घ्या. पाणी तुम्ही प्या, भरपूर, कारण बाळाच्या नादात आपण सकाळपासून घोटभरही पाणी प्यायलेलो नसतो. (आणि हो, शेवभाजी खा! मी दर वेळी खाते, बाळाला कधी काही झालं नाही.) पावडरचं दूध देत असाल तर घरून कालवून नेऊ नका. थर्मासमध्ये उकळलेलं गरम पाणी आणि पावडर वेगवेगळी न्या, ऐन वेळी तयार करा, कोमट झालं की पाजा, आणि बाळाने उरवलेलं दूध नंतरसाठी ठेवू नका, टाकून द्या.

दूध पाजायची जागा आधी हेरून ठेवा. बऱ्याच एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, पण एका स्टँडवर मला त्याला कुलूप दिसलं आणि चावी शोधण्यात वीस मिनिटं गेली, बाळ बिचारं रडून लाल झालं. तेव्हापासून सुती ओढणी कायम बरोबर. सोनाराच्या दुकानात बायकांनी नुसतं विचारलं तरी आत कोपऱ्यात बसू देतात, लाजू नका.

ऊन लागतं म्हणून बाबागाडीवर दुपटं टाकून ती पूर्ण झाकणं ही अगदी मनापासून केलेली चूक, मीपण केली. आत हवा खेळत नाही आणि भट्टी होते. छत्री धरा, सावलीतून चाला. तसंही बाजाराच्या गर्दीत बाबागाडी चालतच नाही, बाळ पुढे बांधायचा बेल्ट बरा, फक्त त्याचं तोंड आपल्याला दिसलं पाहिजे, नाक मोकळं आणि हनुवटी छातीला टेकलेली नको. टोपडं आणि मोजेही उन्हाळ्यात काढा, सासूबाईंना नीट समजावून सांगितलं की त्या ऐकतात.

एवढं करूनही बाळ रडायचं थांबत नसेल तर आम्ही असं बघतो: आधी मानेवर, पाठीला हात लावायचा, घाम असेल तर कपडा कमी करून पंख्याखाली. मग लंगोट. मग दूध. तरी नाही तर झोप, म्हणजे आवाज आणि उजेडापासून लांब न्यायचं, खांद्यावर घेऊन एकाच चालीने फिरायचं, दहा माणसांनी खुळखुळा वाजवून ते शांत होत नाही, अजून बिथरतं.

पण बाळ मलूल पडलं, दूध ओढेना, सहा-सात तासांत शू झाली नाही किंवा अंग तापलं तर फिरणं तिथेच सोडा आणि बालरोगतज्ज्ञाकडे जा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. थर्मामीटर पिशवीत वरच्या कप्प्यात ठेवा, आमचा एकदा झबल्यांच्या तळाशी गेला होता आणि तो शोधायला सगळी पिशवी प्लॅटफॉर्मवर उपसावी लागली.