मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर आणि विमानाचा वेळ सांगलीत बसून कसा काढावा

मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांचं तिकीट बहुतेक वेळा तिकडूनच काढलेलं असतं. व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते आणि घरात प्रश्न पडतो, "रात्री दीडला निघून सकाळी साडेसातला पोचणार, म्हणजे सहाच तास?"

आधी अंतर बघा. मोबाईलवर गूगल मॅप्समध्ये मुंबई विमानतळावर बोट दाबून धरा, 'अंतर मोजा' निवडा आणि नकाशा न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत सरकवा. साधारण १२,५०० किलोमीटर येतील. रेघ वाकडी दिसली तरी ती बरोबरच आहे. शाळेतल्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो आइसलंडवरून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. सगळ्यात जवळचा मार्ग तोच. आकडा मैलांत असेल तर १.६ ने गुणा.

आता वेळ. मोठं जेट ताशी ८५० ते ९०० किलोमीटरने जातं. १२,५०० ला ८५० ने भागलं की पावणेपंधरा तास येतात. चढण्या-उतरण्याचा आणि धावपट्टीवरच्या खोळंब्याचा पाऊण तास धरा, झाले साडेपंधरा. जाताना याहून जास्त लागतो, येताना कमी, कारण त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यात वळसेही असतात. २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. म्हणून तासभर इकडेतिकडे झाला तर हिशेब चुकला असं समजू नका.

मग तिकिटाशी ताळा घ्या. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते, घोळ होतो तो इथेच. समजा, १५ जानेवारीला रात्री १.३० ला मुंबई सोडली आणि त्याच तारखेला सकाळी ७.३० ला न्यूयॉर्क. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. साडेसातात साडेदहा मिळवा. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. म्हणजे प्रवास साडेसोळा तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा साडेनऊच मिळवायचे.

दुबईमार्गे तिकीट असेल तर दोन्ही टप्पे वेगळे मोजा : मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०००. अंतर जेमतेम चारशेने वाढतं. वेळ खातो तो मधला थांबा, त्यामुळे स्वस्त तिकीट दिसलं की आधी तो किती तासांचा आहे ते बघा.

राहिला घर ते सहार, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचा रस्ता. माझ्या मते खरी फजिती होते ती इथे, विमानात नव्हे. रात्री १.३० चं विमान म्हणजे रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर हवं. सांगली-मुंबई रस्ता पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. पेठ नाक्याला हायवेला लागल्यावर खंबाटकी आणि लोणावळ्याचा घाट किती वेळ घेईल ते सांगता येत नाही. आठ तास प्रवासाचे, दोन तास जादाचे धरा आणि साडेअकराच्या आत घर सोडा. आणि हो, १५ च्या नव्हे, १४ तारखेच्या. गाडीवाल्याला "पंधराची फ्लाइट आहे" असं सांगू नका, "चौदाला सकाळी अकरा" असंच सांगा.