घरातून व्यवसाय सुरू करण्यापूर्वी: जागेच्या वापराबाबतची तयारी

डबे, केक, मसाले, शिवणकाम, शिकवणी, सल्लागाराचे कार्यालय किंवा ब्यूटी पार्लर, यांपैकी काहीही राहत्या घरातून सुरू करू पाहणारे बहुतेकजण तयारीला उलट्या टोकाकडून लागतात. उद्यम नोंदणी मोबाइलवर विनाशुल्क होते, गुमास्त्याची, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदीची, पावती ऑनलाइन निघते, अन्न नोंदणीचा अर्जही घरबसल्या भरता येतो, आणि हे तीन कागद फाइलला लागले की सरकारची परवानगी मिळाली असे वाटू लागते. प्रत्यक्षात उद्यम ही उद्योगाची नोंद आहे, गुमास्ता कामगारविषयक कायद्याखालची आहे आणि तिसरी अन्नसुरक्षेची. त्या सदनिकेत, त्या इमारतीत, त्या रुंदीच्या रस्त्यावर हा व्यवसाय चालू शकतो का, याचे उत्तर या तिन्हींत कुठेही नाही. ते उत्तर नगररचना विभागाकडे आणि आपल्या गृहनिर्माण संस्थेकडे असते. म्हणून महाराष्ट्रातील रहिवासी भागांपुरती मांडलेली ही यादी जागेपासून सुरू केली आहे आणि सोपे कागद जाणूनबुजून शेवटी ठेवले आहेत.

सर्वप्रथम घराचे मूळ कागद एकत्र करून ते वाचावेत. खरेदीखतात किंवा बिल्डरशी झालेल्या करारनाम्यात सदनिकेचा वापर कशासाठी करायचा याचे एक कलम असते आणि बहुतेक ठिकाणी ते ‘केवळ निवासी वापरासाठी’ असे असते. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांत तो मजला निवासी दाखवला आहे की वाणिज्य, हे पाहावे. तळमजल्यावर दुकाने असलेल्या इमारतीत वरच्या मजल्यांचा वापरही मिश्र आहे असा समज असतो, परंतु मंजुरी मजल्यानुसार आणि गाळ्यानुसार असते. घर सिडको किंवा म्हाडाचे असल्यास भाडेपट्ट्याच्या किंवा वाटपपत्राच्या अटी वेगळ्या पाहाव्या लागतात. भूखंड कोणत्या वापर-विभागात (झोनमध्ये) येतो याबद्दल शंका असेल तर नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा मागून घ्यावा. एजंटाच्या तोंडी आश्वासनापेक्षा हा एक कागद पुढे कितीतरी उपयोगी पडतो.

त्यानंतर नियमावली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यात ‘विकास’ या संज्ञेत नुसते बांधकाम येत नाही. इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही येतो. एकही वीट न हलवता राहत्या हॉलचे पार्लर केले तरी तो विनापरवानगी विकास ठरू शकतो आणि कलम ५२ व ५३ खालची कारवाई ओढवू शकते, ती याच व्याख्येमुळे. कोणता वापर कुठे चालतो हे ठरवणारी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू आहे; बृहन्मुंबई, एमआयडीसीची क्षेत्रे, थंड हवेची ठिकाणे, पर्यावरण संवेदनशील क्षेत्रे असे काही अपवाद तिला आहेत, आणि मुंबईसाठी २०१८ पासून विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ आहे. आपल्या घराला यांपैकी कोणती लागू होते ते आधी ठरवून तिच्यातले रहिवासी विभागाचे प्रकरण स्वतः वाचावे. रहिवासी विभागाचे तेथे रस्त्याच्या रुंदीनुसार प्रकार पाडलेले आहेत. अरुंद रस्त्यावरच्या भूखंडांना मोजके वापर मिळतात, रुंद रस्त्यावरच्यांना दुकाने व कार्यालयांसह बरेच अधिक. त्यामुळे समोरच्या रस्त्याची विकास योजनेतली रुंदी किती, हे नकाशावर पाहून टिपून ठेवावे.

गृहव्यवसायाचा खरा गाभा या प्रकरणातल्या एका छोट्या तरतुदीत आहे. घरातल्या माणसांनी, पगारी कामगार न ठेवता, रूढीने चालत आलेला घरगुती व्यवसाय करावा, त्याला यंत्रशक्ती वापरली तरी चालेल, परंतु एकूण विजेचा भार एक अश्वशक्तीच्या, म्हणजे सुमारे ०.७५ किलोवॉटच्या वर जाऊ नये, असा तिचा आशय आहे. उदाहरणे शिवणकाम, भरतकाम आणि बटणे बनवणे अशी दिलेली आहेत. बटणे बनवणारे घर आज शोधूनही सापडणार नाही, आणि डबे, केक, शिकवणी अशा ज्या कामांसाठी आज बरेच लोक घरात बसतात त्यांचा मात्र उल्लेख नाही, यावरून हा मजकूर किती जुन्या साच्यातून आला आहे ते कळते. तरीही मोजपट्टी तीच आहे, तेव्हा आपला व्यवसाय तिच्यावर ठेवून पाहावा. प्रत्येक यंत्राच्या मागे किंवा खाली चिकटवलेली पत्र्याची पट्टी वाचून त्याची अश्वशक्ती किंवा वॉट लिहून काढावेत. घरोघरी दिसणाऱ्या घरघंटीच्या मोटारीवर साधारणपणे एक अश्वशक्ती असे लिहिलेले असते. म्हणजे दळण घेऊन देणाऱ्या घरात ती एकटीच मर्यादा गाठते, आणि तिच्या जोडीला मसाला कांडण्याचे यंत्र आले की आपण तरतुदीच्या बाहेर पडतो. पिठाच्या मोठ्या गिरणीसाठी नियमावलीत वेगळी तरतूद असते, तिचा आधार घरघंटीला घेता येत नाही.

पगारी कामगार नसावा ही अट त्याहून अवघड आहे. सासूबाई आणि जाऊबाई मिळून पोळ्या लाटतात तोवर प्रश्न नाही, पण वीस डब्यांचे साठ झाले की पोळ्यांना बाई ठेवावी लागते, आणि ती बाई घरकामाची की व्यवसायाची, हा प्रश्न शेजाऱ्याने तक्रार केल्यावरच विचारला जातो. म्हणून आरंभीच ठरवून लिहून ठेवावे की किती मागणीपर्यंत काम घरातून करायचे आणि त्यापुढे गाळा भाड्याने घ्यायचा. माझ्या मते या संपूर्ण तयारीतला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत टाळला जाणारा निर्णय आहे.

वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद, डॉक्टर यांच्यासाठी नियमावल्यांत स्वतंत्र वाट ठेवलेली आहे: त्याच घरात राहणाऱ्या व्यावसायिकाला ठरावीक क्षेत्रफळाच्या आत कार्यालय किंवा केवळ बाह्यरुग्णांसाठी दवाखाना चालवता येतो. येथे ‘राहणाऱ्या’ हा शब्द कळीचा आहे. स्वतः दुसरीकडे राहून रिकाम्या सदनिकेत केवळ कार्यालय थाटणाऱ्याला ही वाट मिळत नाही. क्षेत्रफळाचा आकडा आपल्या शहराच्या नियमावलीतून घ्यावा आणि खोलीची आतली लांबी-रुंदी फितीने मोजून त्याच्याशी ताडून पाहावी. शिकवणी, पाळणाघर आणि पार्लर या वाटेत आपोआप बसतात असे मानू नये. त्यांच्यासाठी नियमावलीतले शब्द पाहून, शंका राहिल्यास नगररचना विभागाला लेखी विचारून उत्तर लेखीच घ्यावे.

गृहनिर्माण संस्थेकडे जाताना तोंडी बोलणे कितीही गोड झाले असले तरी अर्ज लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. संस्थेच्या उपविधींत सदनिकेच्या वापरात बदल करण्यापूर्वी समितीची परवानगी घेण्याची आणि इतर सभासदांना उपद्रव होईल असे काही न करण्याची तरतूद असते. आपल्या संस्थेने आदर्श उपविधी जसेच्या तसे स्वीकारले आहेत की काही बदल केले आहेत, हे सचिवांकडून उपविधींची प्रत मागून पाहावे. अर्जात ‘घरगुती व्यवसाय करू इच्छितो’ एवढेच लिहिले तर समितीच्या डोळ्यांसमोर जिन्यावरची रांग उभी राहते. त्याऐवजी काय बनवणार किंवा कोणती सेवा देणार, कोणत्या खोलीत, किती ते किती वाजेपर्यंत, दिवसाला साधारण किती माणसे वर येणार, सामान कोणत्या वेळी लिफ्टने चढणार-उतरणार, ओला कचरा किती निघणार, बाहेर फलक लावणार की नाही, हे सर्व स्पष्ट लिहावे. ग्राहक घरी येणारच नसतील तर ते ठळकपणे नमूद करावे, कारण संस्थांचा विरोध बहुधा व्यवसायाला नसून पार्किंग, वॉचमन आणि लिफ्ट यांवर पडणाऱ्या ताणाला असतो. डिलिव्हरीच्या मुलांची नोंद गेटवरच्या वहीत होते हे विसरू नये. वाद झालाच तर हीच वही समितीपुढे किंवा सहकार न्यायालयात मांडली जाईल. परवानगी मिळाल्यास ती समितीच्या ठरावाच्या क्रमांकासह मागावी, कारण समिती बदलते आणि नव्या अध्यक्षांना जुन्या अध्यक्षांचा शब्द बांधील वाटत नाही. संस्थेचे ना-हरकत पत्र नियमावलीतला मनाई असलेला वापर मात्र वैध करू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी लिव्ह अँड लायसन्स करारातले वापराचे कलम पाहून, घरमालकाची संमती वेगळ्या पत्राने घ्यावी. जीएसटी नोंदणीच्या वेळीही मालकाचे संमतिपत्र आणि त्याच्या नावाचे वीजबिल लागते, तेव्हा हे पत्र आधीच हाती असलेले बरे.

वीजबिल हा असा कागद आहे की जो घरात दर महिन्याला येतो आणि रकमेपलीकडे कुणी वाचत नाही. महावितरणच्या बिलावर ‘दर संकेत’ आणि ‘मंजूर भार’ असे रकाने असतात. पहिल्यात आपली जोडणी घरगुती वर्गात आहे याची खात्री करावी आणि दुसऱ्यातल्या किलोवॉटशी नव्या ओव्हनचा, डीप फ्रीजरचा भार जुळवून पाहावा. घरगुती दराच्या व्याख्येत गृहव्यवसायाला उपयोगी अशी एक तरतूद आहे: राहत्या घराच्या काही भागातून व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागू राहतो. मर्यादा ओलांडल्यास अघरगुती वर्गात जावे लागते आणि तो दर बराच चढा असतो. ही मर्यादा संपूर्ण घराच्या वापराला आहे, त्यामुळे उन्हाळ्यात एसी चालणाऱ्या घरात केकचा ओव्हन सुरू झाला की तीनशेचा आकडा किती सहज मागे पडतो ते मागच्या बारा महिन्यांच्या बिलांवरून आधीच काढून ठेवावे. वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल यांच्या राहत्या घरातील व्यावसायिक कामाचा घरगुती दरात वेगळा उल्लेख आहे. मंजूर कारणाखेरीज अन्य कारणासाठी वीज वापरणे हे वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरते; आकारणी दुप्पट दराने होते आणि तो वापर कधीपासून सुरू आहे हे ठरवता आले नाही, तर तपासणीपूर्वीच्या बारा महिन्यांसाठी होते. त्यामुळे मर्यादा ओलांडली जाणार असे दिसताच वर्ग बदलण्याचा अर्ज स्वतःहून करणे स्वस्त पडते.

मालमत्ता कराबाबत थोडक्यात: निवासी वापरावर मिळणाऱ्या सवलती, उदाहरणार्थ मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना असलेली माफी किंवा पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळणारी ४० टक्के सवलत, निवासी वापराशीच बांधलेल्या आहेत. कर पावतीवर वापराचा प्रकार काय छापला आहे ते पाहून ठेवावे.

खाद्यपदार्थ करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वाढतात. पहिली अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालची नोंदणी. लहान उलाढालीसाठी परवान्याऐवजी नोंदणी पुरते, तिची मर्यादा अनेक वर्षे वार्षिक १२ लाख रुपयांची होती, पण अर्ज करण्याच्या दिवशी फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर चालू मर्यादा पाहून घ्यावी. मिळालेला चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो, म्हणून लेबले आधी छापून घेऊ नयेत. दुसरी गोष्ट गॅसची. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, आणि तो सदनिकेत ठेवण्याबद्दल संस्थेला तसेच घराचा विमा असल्यास विमा कंपनीला आधी कळवावे. व्यावसायिक वापर लपवलेल्या घरात आग लागली, तर विम्याच्या दाव्यावर पहिला आक्षेप तोच येईल. जिन्यात किंवा मधल्या वाटेत पिठाची पोती आणि रिकामे खोके एका रात्रीपुरतेही ठेवू नयेत.

आवाजाचे माप ठरलेले आहे: ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी क्षेत्रात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल. शिवणयंत्र किंवा घरघंटी खालच्या मजल्यावर कंपनाने जाणवते, म्हणून यंत्राखाली जाड रबरी चटई घालून, दार बंद करून, खालच्या घरी जाऊन एकदा स्वतः ऐकावे. दुपारी दोन ते चार ही वेळ यंत्रासाठी न ठेवणे हा कुठल्या नियमावलीतला नियम नाही, पण पुणेकर शेजाऱ्यांना तो वेगळा सांगावा लागत नाही. बाहेर फलक लावायचा तर महापालिका आणि संस्था दोघांची परवानगी पाहावी; दारावरच्या नावाच्या पाटीवर भागत असेल तर फलकाच्या वाटेला जाऊ नये.

एवढे झाल्यावर सोप्या कागदांकडे वळावे. उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे, तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. गुमास्त्याखाली थोडेच कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते. जीएसटीची मर्यादा केवळ मालविक्रीसाठी ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपये उलाढालीची आहे; मात्र परराज्यात माल विकायचा किंवा ऑनलाइन बाजारपेठेतून विक्री करायची असेल, तर सल्लागाराला आधी विचारावे. जीएसटी क्रमांक शोधणाऱ्या कुणालाही त्यावरचा व्यवसायाचा पत्ता दिसतो. घरात एकट्याने राहणाऱ्या स्त्रियांनी राहते घर तिथे द्यायचे का, याचा विचार अर्ज भरण्यापूर्वी करावा, कारण पत्ता नंतर बदलला तरी तोवर तो अनेक ठिकाणी पोहोचलेला असतो.

झोन दाखला, संस्थेचे पत्र, घरमालकाची संमती, बारा महिन्यांची वीजबिले, कर पावती, यंत्रांच्या भाराची यादी आणि नोंदण्या एकाच फाइलमध्ये ठेवाव्यात आणि दरवर्षी मार्चचे वीजबिल आले की ती उघडावी. वर्षाच्या युनिटांची बेरीज, कामावरची माणसे आणि वाढलेली यंत्रे त्या दिवशी पुन्हा मोजावीत. यांतला एकही आकडा मर्यादेबाहेर गेलेला दिसला, तर गाळ्याचा शोध त्याच आठवड्यात सुरू करावा, कारण शहरात परवडणारा गाळा मिळायला वेळ लागतो आणि नोटिशीची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही.