सँडविचमधलं मांस आणि चीज: कमी पैशांत बरं काय घ्यावं

आधी डब्यातल्या एका सँडविचचा हिशेब मांडू. ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये साधारण 250 मिलिग्रॅम सोडियम असतं, 20 ग्रॅमच्या चीज स्लाइसमध्ये 280, 40 ग्रॅम चिकन सलामीत 300 आणि वरून लावलेल्या खारट बटरमध्ये 80. म्हणजे 900 च्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला 2000 मिलिग्रॅमची, मीठ म्हणून 5 ग्रॅमची. जवळजवळ निम्मा कोटा एका सँडविचमध्येच संपतो, आणि अजून वरण-भात, लोणचं, पापड बाकी आहेत.

सलामी, हॅम, सॉसेजमध्ये मिठाखेरीज नायट्राइट हे मांस टिकवणारं रसायनही असतं. पाकिटावर ते ‘प्रिझर्व्हेटिव्ह 250’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. महिन्यातून एकदा सलामी खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही. अडचण रोजच्या डब्याची आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांनी ‘अनक्युअर्ड’, म्हणजे वेगळं नायट्राइट न घातलेलं, या शब्दावर भुलू नये. तिथे बहुतेक वेळा सेलरीच्या अर्कातून तेच नायट्राइट येतं.

स्वस्त-महाग ठरवताना पाकिटाची किंमत बघू नका, प्रोटीनची किंमत काढा. समजा सलामीचं 250 ग्रॅमचं पाकीट 150 रुपयांना आहे आणि मागे 100 ग्रॅमला 12 ग्रॅम प्रोटीन लिहिलंय. पाकिटात एकूण 30 ग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे 5 रुपये. बोनलेस चिकन 400 रुपये किलो धरलं तर अर्ध्या किलोत 110 ग्रॅम प्रोटीन मिळतं, ग्रॅममागे दोन रुपयेही पडत नाहीत. आपल्या भागातले भाव घालून हेच गणित करून बघा. सलामीत पाणी, स्टार्च, सोया आणि तेल यांचेही पैसे आपण मोजत असतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पहिली चार नावं वाचली तरी पुरे.

घरचे काप करायला अर्धा किलो चिकन ब्रेस्ट घ्या. जाड तुकडे आडवे चिरून दीड-दोन सेंटिमीटर जाडीचे करा. जाड ठेवले तर बाहेरून कोरडे आणि आतून कच्चे राहतात. अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड, चमचाभर ठेचलेला लसूण आणि दोन चमचे दही लावून दोन तास फ्रीजमध्ये मुरू द्या. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर तुकडे ठेवा, वर ताटलीत पाणी घालून झाका आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सहा-सात मिनिटं शिजवा. गॅस बंद करून पाच मिनिटं झाकण उघडू नका. सर्वात जाड तुकडा चिरून बघा: गुलाबी भाग दिसायला नको, रस स्वच्छ हवा. थर्मामीटर असेल तर आत 74 अंश.

आता घाई करू नका. गरम मांस कापलं की त्याचा भुगा होतो आणि रस फळीवर वाहून जातो. निवल्यावर लगेच फ्रीजमध्ये टाका, तीन-चार तासांनी धारदार सुरीने धाग्यांना आडवे पातळ काप करा. शिजून साधारण 350 ग्रॅम उरतं, दहा सँडविचना पुरतं. तीन दिवसांत संपेल तेवढं फ्रीजमध्ये, बाकी बटर पेपरचे थर घालून फ्रीजरमध्ये. पातेल्यातला रस आमटीत घाला. एवढाही वेळ नसेल त्या दिवशी उकडलेली अंडी आहेतच. दोन अंड्यांत 12 ग्रॅम प्रोटीन.

चीज घेताना ‘प्रोसेस्ड चीज’ आणि ‘अ‍ॅनालॉग’ यांतला फरक पाहा. घटकांत पाम तेल किंवा ‘व्हेजिटेबल फॅट’ दिसलं तर ते दुधाचं चीज नव्हे, अ‍ॅनालॉग म्हणजे नकली चीज. स्लाइसऐवजी ब्लॉक घ्या आणि किसून वापरा: किसलेलं 10 ग्रॅम चीज पूर्ण ब्रेडवर पसरतं, चव तीच येते, मीठ आणि खर्च दोन्ही निम्मे होतात. किसण्याआधी ब्लॉक दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवला तर किसणीला चिकटत नाही.

रोजच्यासाठी चक्का सर्वात परवडतो. अर्धा किलो दही फडक्यात बांधून फ्रीजमध्ये पाच तास टांगलं की पावशेरच्या आसपास चक्का निघतो. त्यात कोथिंबीर-मिरचीची घट्ट चटणी कालवा. चटणी पातळ असली किंवा काकडीला आधीच मीठ लावलं तर पाणी सुटून दुपारपर्यंत ब्रेड भिजतो. पनीरही चालतं, त्यात मीठ जवळपास नसतं. म्हशीच्या एक लिटर दुधाचं दोनशे ग्रॅमच्या आसपास होतं. काप सलग यायला हवे असतील तर अर्धा तास वजनाखाली दाबून ठेवा.

सलामी आणलीच, तर पाकिटात बर्फाचे मोठे खडे आहेत का बघा. असतील तर माल एकदा वितळून पुन्हा गोठलेला असू शकतो. गरोदर बाईला, म्हाताऱ्या माणसांना द्यायची असेल तर वाफ येईपर्यंत तव्यावर गरम करूनच द्या, कारण आजारी पाडणारा लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजमध्येही वाढतो.