प्रवाहाची ओढ हिशेबात धरून नौकेचा मार्ग कसा आखावा

नौकेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, ज्या दिशेला असते त्याच दिशेला नौका जाते, हा समज पाणी स्थिर असेपर्यंतच खरा असतो. पाणी वाहू लागले की ते आपल्यावरच्या सर्व गोष्टींना सोबत घेऊन जाते, आणि डेकवर उभ्या असलेल्या माणसाला ते जाणवतही नाही.

आधी एक घोटाळा दूर करावा. वाऱ्याला तो जिकडून येतो त्या दिशेचे नाव देतात, प्रवाहाला मात्र तो जिकडे जातो त्या दिशेचे.

समजा, आपल्याला सरळ उत्तरेला १७ सागरी मैल जायचे आहे, नौकेचा पाण्यातील वेग ६ नॉट (ताशी ६ सागरी मैल) आहे आणि प्रवाह २ नॉट वेगाने पूर्वेकडे वाहत आहे. नकाशावर निघण्याच्या ठिकाणापासून उत्तरेकडे मार्गाची रेघ ओढावी. त्याच ठिकाणापासून पूर्वेकडे प्रवाहाची एका तासाची ओढ, म्हणजे २ मैल, मोजून खूण करावी. आता कर्कटकात ६ मैलांचे अंतर घेऊन, टोक त्या खुणेवर ठेवून, मार्गाची रेघ छेदावी. खुणेपासून छेदनबिंदूकडे जाणारी दिशा सुमारे ३४१ अंश, म्हणजे उत्तरेच्या सुमारे १९ अंश पश्चिमेला, येते. नाळ तिकडे धरायची. निघण्याच्या ठिकाणापासून छेदनबिंदूपर्यंतचे अंतर सुमारे ५.७ मैल भरते, म्हणून प्रवासाला तीन तास लागतात. नवशिके खुणेपासून थेट मुक्कामाला रेघ जोडतात. तेथेच हिशेब चुकतो, कारण ती रेघ एका तासाच्या प्रवासाची राहत नाही.

नौका जितकी संथ, तितकी ही दुरुस्ती मोठी: १२ नॉट वेगाला याच प्रवाहात दहा अंशांहून थोडे कमी पुरतात. भरती-ओहोटीचा प्रवाह तासातासाला बदलतो आणि उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) भांगापेक्षा (अष्टमीच्या सुमारास) जोरात वाहतो, म्हणून प्रत्येक तासाची ओढ वेगळी धरावी.

वाटेत पडताळणीसाठी किनाऱ्यावरच्या, मार्गाच्या रेघेत येणाऱ्या दोन पक्क्या खुणा एकामागे एक धराव्यात. मागची खूण पुढचीच्या उजवीकडे सरकलेली दिसली, तर नौका उजवीकडे वाहवली आहे असे समजून डावीकडे वळावे. जीपीएस असले तरी ही सवय सोडू नये, असे माझे मत आहे. नजर बाहेर राहते.

धक्क्याला लागताना शक्यतो प्रवाहाच्या सामोरे यावे. २ नॉट प्रवाहाविरुद्ध पाण्यातून ३ नॉट वेगाने आलात, तर धक्क्याच्या तुलनेत वेग केवळ १ नॉट असतो आणि तरीही सुकाणूवरून पाणी वाहत राहिल्याने नौका हाताळता येते. प्रवाहाबरोबर आलात, तर तोच वेग ५ नॉट होतो.