पेसाहच्या तयारीत या चुका टाळा: हिंग, पोळी आणि हुकलेली संध्याकाळ

आमच्या बेने इस्राएली, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू, घरांत जुनी माणसं पेसाहला, म्हणजे मिसरातून सुटकेची आठवण ठेवणाऱ्या सणाला, 'अनशी ढाकाचा सण' म्हणत. अनस म्हणजे आंबट ठेवायचं भांडं. सणाचे आठ दिवस ते झाकून ठेवायचं. घरोघरी आता अनस नाही, पण झाकायच्या वस्तू मात्र दसपट झाल्या आहेत. गेली काही वर्षं ठाण्यातल्या आमच्या घरी सेदेर, म्हणजे पेसाहच्या रात्रीचं विधीचं जेवण, माझ्याकडे असतो. आजीच्या हाताखाली जे सहज व्हायचं, ते स्वतः करायला लागल्यावर मी एकेक चूक रीतसर करून पाहिली आहे. मंत्र चुकले असं क्वचितच झालं. चुकली ती वेळ, नाहीतर डब्यावरची बारीक अक्षरं.

पहिली चूक पोळीची. 'पोळीत यीस्ट नसतं, मग पोळी का नाही चालत?' असं शेजारच्या काकू दर वर्षी विचारतात, आणि खरं सांगायचं तर आपली कॉलेजातली मुलंही विचारतात. पेसाहला निषिद्ध आहे ते यीस्ट नव्हे, फुगलेलं धान्य. गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांच्या पिठाला पाणी लागलं आणि ते नुसतं पडून राहिलं, की 18 मिनिटांत ते हामेत्झ, म्हणजे फुगलेलं, धरतात. आपण कणीक मळतो, झाकून अर्धा तास मुरवतो आणि मग लाटायला बसतो. पोळी मऊ व्हायला जे करतो, तेच इथे नडतं. मात्झाचं, म्हणजे सणाच्या न फुगलेल्या पोळीचं, पीठ दळण्यापासून पाण्यापासून जपलेलं असतं आणि मळणं, लाटणं, भाजणं एका दमात उरकतात. 1874 साली पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादात, म्हणजे सेदेरला वाचायच्या पोथीत, लुगडी नेसलेल्या बायका मात्झा करताना काढल्या आहेत. ते चित्र पाहिलं की काम किती हातांचं आहे ते कळतं. एकट्याने घरच्या तव्यावर करायची हौस मी दोनदा केली. आता मुकाट्याने सिनेगॉगमध्ये वेळेत नाव नोंदवते. मात्झाचं खोकं उघडं राहिलं तर मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी त्याचा पुठ्ठा होतो. तो टाकू नका; ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं तापवला की पुन्हा कुरकुरीत होतो.

सगळ्यात जास्त फसवतं ते हिंग. आपल्याकडे डबीत मिळणारं बांधानी हिंग म्हणजे गोंद आणि पीठ यांत मिसळलेलं हिंग, आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं असतं. रवा, मैदा, शेवया, बिस्किटं सगळे आठवणीने काढतात. फोडणीच्या डब्यातली ती पिवळी पूड तशीच राहते. तीच पापडात असते, तयार मसाल्यांत असते, लोणच्यात असते. एका वर्षी मी आमटी चुलीवरून उतरवल्यावर डबीवरचं लेबल वाचलं, आणि आमटी शेजारी गेली. आता आठ दिवस लसूण-जिऱ्याची फोडणी. सोया सॉस, माल्टचं व्हिनेगर, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी यांचीही तीच गत. आणि हो, चिकाचा हलवा! नारळाच्या दुधातला, आपला लाडका. चीक म्हणजे भिजवलेल्या गव्हाचं सत्त्व, तेव्हा तो आपल्या ज्यू नव्या वर्षाच्या सणालाच. 'आपल्या आजीचा पदार्थ आहे म्हणजे चालत असेल' हा तर्क पेसाहला लावू नये.

तांदूळ आमच्यात चालतो, निवडून आणि पाहून घेतलेला. मात्र पाहुणे युरोपी वळणाचे ज्यू असतील, किंवा इस्रायलमधली सून त्या घरातली असेल, तर तांदूळ आणि डाळी त्यांच्याकडे वर्ज्य. आधी विचारा. ताटात वाढून झाल्यावर विचारणं फार वाईट.

भांड्यांबाबत जुनी पद्धत सोपी होती: सणाआधी तांब्या-पितळेची भांडी कल्हईला जायची, घराला चुना लागायचा. आज स्टीलची भांडी उकळत्या पाण्यातून काढतात, पण त्याआधी ती घासून चोवीस तास वापराविना ठेवावी लागतात. हे विसरून सणाच्या दिवशी सकाळी पातेलं उकळायला घेणारे दर वर्षी दिसतात. नॉनस्टिक आणि मातीची भांडी उकळून होत नाहीत. ती बांधून माळ्यावर टाका.

सेदेरच्या आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन हामेत्झ शोधायचं, त्यासाठी पावाचे दहा तुकडे लपवतात. आमच्या मुलांना एकदा नऊच सापडले आणि लपवणाऱ्या मामांना दहावा कुठे ठेवला ते आठवेना. घर उलथंपालथं झालं. कागदात गुंडाळून ठेवा आणि जागांची यादी लिहून खिशात टाका. तरीही नाही सापडला, तर रात्री शोध संपल्यावर आणि सकाळी जाळल्यावर जी 'ते मातीसारखं मानतो' अशी घोषणा करतो, ती त्यासाठीच आहे. सकाळी आपल्याकडे साधारण साडेदहापर्यंत हामेत्झ खाणं थांबवायचं आणि साडेअकराच्या आत जाळून टाकायचं. ऑफिसला जाणाऱ्यांनी हे आधीच उरकावं.

तारखेचा घोळ तर ठरलेला. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून कॅलेंडरात सण ज्या तारखेला छापलेला असतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी सेदेर असतो. व्हॉट्सॲपवर नुसती तारीख टाकाल तर निम्मे पाहुणे दुसऱ्या दिवशी येतील. 'बुधवार संध्याकाळ' असं वार लिहूनच टाका. काही जण 'हनुमान जयंतीच्या आसपास' असं धरून चालतात. दोन्ही पौर्णिमेचे सण, त्यामुळे 2025 ला तो हिशेब नेमका जुळला: 12 एप्रिलला दोन्ही एकाच दिवशी. पण अधिक महिने दोन्ही पंचांगांत वेगवेगळ्या वेळी येतात. 2021 ला सेदेर 27 मार्चला, होळीच्या आदल्या संध्याकाळी होता, आणि हनुमान जयंती महिनाभराने! 2027 ला सेदेर 21 एप्रिलच्या बुधवारी आहे. म्हणजे गुरुवार-शुक्रवार सण आणि लगेच शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस. तीन दिवसांचा स्वयंपाक ओळीने. शब्बाथसाठी सणाच्या दिवशी शिजवता यावं म्हणून बुधवारीच एरुव्ह तावशिलीन, म्हणजे त्यासाठी आधीच शिजवलेलं थोडं अन्न, बाजूला ठेवायला विसरू नका.

आता टेबल. सेदेरच्या ताटातल्या कडू पाल्यासाठी 'कारलं ठेवा की' असा सल्ला हमखास मिळतो. कारलं कितीही कडू असलं तरी ते नाही, सॅलडची पानं वापरा. किडे निघावेत म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवा, पण रात्रभर-दिवसभर विसरू नका. चोवीस तास पाण्यात राहिलेली पानं विधीला चालत नाहीत. मनुकांचं शरबत माणशी चार प्याले लागतं. लहानात लहान प्याला 86 मिलिलिटरचा धरला तरी दहा माणसांना जवळपास साडेतीन लिटर, आणि आपल्याकडे सेदेर दोन रात्री असतो. दुसऱ्या रात्रीचं फ्रिजमध्येच ठेवा. एप्रिलच्या उकाड्यात ओट्यावर राहिलेलं शरबत दुसऱ्या संध्याकाळी आंबून फसफसत होतं, हे मी चाखून सांगते आहे.

मुलं झोपतात ही चूक मुलांची नाही. 'मा निश्तना' हे सेदेरचे प्रश्न विचारायचे धाकट्याने, आणि आपण काळोख पडल्यावरही मावशी अजून आल्या नाहीत म्हणून तासभर थांबतो. दुपारी मुलांना झोपवा, सात वाजता उकडलेला बटाटा खायला द्या, आणि काही भाग मराठीत वाचा. आमच्याकडे आजोबा भराभर हिब्रू वाचायचे आणि आम्ही पानं मोजायचो. मिसरावरच्या दहा पीडा मराठीत ऐकल्या तेव्हा कुठे बेडकांवर हसू आलं.

दुसऱ्या रात्रीपासून ओमेर, म्हणजे पुढच्या शावुओथ सणापर्यंतचे दिवस, मोजायला लागतो, एकूणपन्नास रात्री. रात्री राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापर्यंत आशीर्वाद न म्हणता मोजा आणि पुढे नेहमीसारखं चालू ठेवा. पूर्ण दिवस हुकला तर उरलेल्या रात्री आशीर्वादाविना. अंधार पडल्यावर कुणी 'आज कितवा?' विचारलं, तर स्वतः मोजण्याआधी आजचा आकडा बोलू नका, 'काल बारा झाले' असं सांगा. नाहीतर बोलण्यातच मोजणं होऊन जातं.

शेवटची चूक आठव्या दिवसाची. इस्रायलमध्ये पेसाह सात दिवसांचा, त्यामुळे अश्दोदचा मावसभाऊ एक संध्याकाळ आधीच गरम पावाचा फोटो पाठवतो. आमच्यातले निम्मे सणात फोन बघत नाहीत, म्हणून वाचतात. बाकीच्यांनी तो फोटो बघून पिठाचा डबा उघडू नये. आपला अजून एक दिवस बाकी असतो.