सीता अशोक : शेंग तडकली की त्याच आठवड्यात बी पेरा

दोडका-पडवळाचं बी उन्हात वाळवून, राखेत घोळवून ठेवतात, तसंच अशोकाचंही ठेवलेलं दरवर्षी बघतो. पुढच्या जूनला पिशव्या भरतात आणि एकही कोंब वर येत नाही. हे बी फणसाच्या आठळीसारखं आहे, सुकलं की मेलं. शेंगा मेअखेरपासून जुलैपर्यंत पिकतात, म्हणजे नेमक्या भाताच्या गडबडीत. तरी एक सकाळ काढाच.

आधी झाड ओळखा. बंगल्यांच्या कुंपणाला सरळसोट उभा असतो तो खोटा अशोक. त्याचं पान साधं, लांब, कडेला लाटा असलेलं. सीता अशोक बुटका, पसरट. त्याचं पान संयुक्त, 4 ते 6 जोड्या पर्णिकांचं. कोवळी पालवी तांबूस, मलूल झाल्यागत लोंबणारी. फुलांचे झुबके फेब्रुवारी-मार्चमध्ये थेट फांदीवर येतात, आधी केशरी-पिवळे, मग लाल. शेंग चापट, चामड्यासारखी. आत मोठं चापट बी. रोपवाटिकेत नुसतं 'अशोक' म्हणून मागाल तर खोटाच हाती येईल.

तडकू लागलेल्या शेंगा झाडावरूनच काढा. खाली पडलेलं बी झडीत कुजतं. बी रात्रभर पाण्यात भिजवा, तरंगणारं टाकून द्या. हातात जड लागतं ते बी बहुधा उगवतं, असा माझा अंदाज आहे. त्याच दिवशी पेरणं जमलंच नाही तर ओल्या वाळूत, सावलीत ठेवा, तेही चार-पाच दिवसच. कागदात किंवा फ्रीजमध्ये नको.

- पिशवी : माती, वाळू, कुजलेलं शेणखत समभाग, तळाला भोकं
- बीजप्रक्रिया : ट्रायकोडर्मा (कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) 5 ग्रॅम प्रति किलो बियाला
- पेरणी : बी आडवं, दोन-अडीच सेंमी खोल
- जागा : सावली
- लागवड : पुढच्या जूनमध्ये, 45 सेंमीचा खड्डा

मूळ फुटायची संप्रेरकं, टॉनिकच्या बाटल्या दुकानदार गळ्यात मारतील. घेऊ नका. मेलेल्या बियाला कुठलंच औषध जिवंत करत नाही. रोप बुडाशी कुजायला लागलं तरच कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक 3 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून मुळाशी ओता, आणि पिशव्यांत पाणी साचतंय का ते आधी बघा.

सह्याद्रीत हे झाड ओढ्याकाठच्या सावलीत वाढतं, म्हणून कोकणात सुपारीच्या बागेत ते छान रुजतं. उघड्या माळावर लावलंत तर पहिले दोन उन्हाळे झापांची सावली आणि नियमित पाणी लागेल. पण ते पुढचं. आज शेंगा बघून या.