बिनपाकाचे एका घासाचे लाडू

ओव्हनशिवाय करायच्या खाऊच्या कृतींवर हल्ली ‘न भाजता’ असे सर्रास लिहिलेले असते आणि त्या दोन शब्दांनी नवशिक्यांची चांगलीच दिशाभूल होते. भट्टीत भाजणे वेगळे आणि कढईत भाजणे वेगळे, हा फरक आपल्या भाषेत एकाच क्रियापदात दडलेला असल्यामुळे कोणीतरी कच्चे शेंगदाणे किंवा नाचणीचे कच्चे पीठ थेट गुळात कालवते आणि लाडू कच्चट का लागतो याचा विचार करत बसते. कोल्हापूरच्या घरांत लाडवासाठी ओव्हन कधी लागलाच नाही; कढई मात्र लागते. पुढे दिलेल्या कृतीत पाक करायचा नाही, तार पाहायची नाही, आणि सगळे साहित्य हाताशी असेल तर पाऊण ते एक तासात, मधल्या सुट्टीच्या डब्यात सहज मावतील असे तेवीस-चोवीस छोटे लाडू तयार होतात.

कृतीकडे वळण्यापूर्वी हा लाडू बांधला कशाने जातो, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढच्या सगळ्या सूचना त्यातूनच निघतात. पाकाच्या लाडवात उकळताना पाणी आटून घट्ट झालेला पाक थंड होताना जिन्नस धरून ठेवतो. बिनपाकाच्या लाडवात हे काम शेंगदाण्यातले तेल आणि गुळाचा अंगचा ओलावा मिळून करतात. शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मे तेल असते. ते भाजल्यावर आणि कुटल्यावर मोकळे होते, त्यात गूळ मिसळला की मुठीत दाबताच मिश्रण एकजीव होते. म्हणूनच मिश्रण कोरडे वाटले तरी त्यावर दुधाचा किंवा पाण्याचा हबका मारू नये. त्या क्षणी लाडू सुरेख वळला जातो खरा, परंतु त्या ओलाव्यावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. ओलावा कमी पडला तर तूप वाढवावे, पाणी कधीही नाही.

गुळाची निवड

कोल्हापुरात राहणाऱ्याला गुळावर चार ओळी जास्त लिहिल्याबद्दल क्षमा असावी. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरीची व्यापारी पेठ गुळाच्या व्यापारानेच नावारूपाला आली आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही दुकानात समोर ठेवलेला गुळाचा प्रत्येक रवा, म्हणजे ढेप, लाडवासाठी योग्य असतोच असे नाही. रस उकळताना मळी वर आणण्यासाठी गुऱ्हाळघरांत भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालण्याची जुनी पद्धत आहे. तर गुळाचा रंग उजळावा म्हणून काही ठिकाणी रसायनेही वापरली जातात. त्यामुळे फार पांढुरका, झगझगीत पिवळा गूळ दिसला की मी तो टाळते. अर्थात केवळ काळसर रंगावरून गूळ उत्तम ठरवणेही चुकीचे आहे. सरळ उपाय असा की दुकानदाराकडून छोटा खडा मागून जिभेवर ठेवावा. गोडीमागून खारट चव आली तर तो गूळ आमटीत खपून जाईल, लाडवात मात्र ती चव लपणार नाही.

लाडवासाठी सुरीने चिरताना भुगा पडेल इतपत कोरडा, पण बोटांत चोळल्यावर किंचित चिकटणारा गूळ घ्यावा. ‘चिक्कीचा गूळ’ म्हणून मिळणारा चिवट गूळ येथे उपयोगाचा नाही, कारण तो पाकासाठीच असतो. तो किसणीला चिकटतो आणि नंतर खाणाऱ्याच्या दातांना. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून पावसाळ्यात उघडा ठेवलेला गूळ पाझरलेला दिसतो. तसा गूळ वापरावाच लागला तर त्याचे प्रमाण थोडे कमी करावे.

प्रमाण आणि कृती

शेंगदाणे २५० ग्रॅम, चिरलेला गूळ १५० ग्रॅम, पॉलिश न केलेले तीळ ५० ग्रॅम, किसलेले सुके खोबरे ३० ग्रॅम, साजूक तूप दोन लहान चमचे, चार-पाच वेलदोड्यांची पूड आणि चिमूटभर मीठ एवढे साहित्य पुरते. घरी वजनकाटा नसेल तर शेंगदाण्यांच्या दोन वाट्यांना चिरून दाबून भरलेला एक वाटी गूळ, या अंदाजाने सुरुवात करावी आणि चव पाहून फरक करावा.

शेंगदाणे आधी निवडावेत. सुरकुतलेला, काळा डाग पडलेला किंवा बुरशीचा वास येणारा एकही दाणा ठेवू नये, कारण शेंगदाण्यावर वाढणाऱ्या काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते कढईतल्या भाजण्याने पुरते नष्ट होत नाही. निवडलेले दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे सतत हलवत भाजावेत. आच मोठी केली तर साल करपते आणि दाणा आतून कच्चा राहतो. तयार दाण्याची खूण अशी की तो बोटांत चोळताच साल सुटते आणि आतून फिकट सोनेरी रंग दिसतो. येथेच गॅस बंद करून दाणे लगेच परातीत पसरावेत; कढईत तसेच ठेवले तर कढईच्या उष्णतेने ते आणखी भाजले जातात आणि पाच मिनिटांत सोनेरीचे तपकिरी होऊन कडवटपणाकडे झुकतात. दाणे गार झाल्यावर जाड कापडात घेऊन चोळावेत आणि सुपात पाखडावेत. हे काम अंगणात किंवा गच्चीत करावे, अन्यथा सालींचा भुगा पुढचे दोन दिवस स्वयंपाकघरात सापडत राहतो.

त्याच कढईत तीळ कोरडेच भाजावेत. ते तडतडू लागले की अर्ध्या मिनिटात उतरवावेत. खोबरे सर्वात शेवटी घालावे, कारण त्याला जेमतेम एक-दोन मिनिटे पुरतात. तिन्ही जिन्नस एकत्र भाजण्याचा मोह होतो, पण तीळ आणि खोबरे करपेपर्यंत शेंगदाणा कच्चाच असतो.

आता कूट. ही पायरी घाईत उरकली जाते आणि बहुतेक लाडू येथेच बिघडतात. मिक्सर सलग फिरवला तर भांड्यातले दाणे तापतात, तेल सुटते आणि कूट होण्याऐवजी तेलकट गोळा तयार होतो. म्हणून दोन-दोन सेकंदांचे झटके द्यावेत, मध्ये झाकण काढून कडेचे कूट चमच्याने खाली सारावे आणि पुन्हा एक झटका द्यावा. सात-आठ झटक्यांत रव्यापेक्षा जरा जाड भरड मिळते. त्यातील मूठभर जाडच बाजूला ठेवावी; ती शेवटी मिसळल्याने लाडू खाताना दाताखाली दाणा येतो. खलबत्ता असेल तर तो उत्तमच. वेळ जास्त लागतो, पण कूट तापत नाही.

कुटात तीळ, खोबरे, वेलदोड्याची पूड, मीठ आणि चिरलेला गूळ घालून सगळे मिश्रण मिक्सरमध्ये फक्त दोन झटके फिरवावे, म्हणजे गूळ सर्वत्र सारखा पसरतो. नंतर परातीत काढून कोमट तूप घालावे आणि तळव्याने चांगले मळावे. मळताना मिश्रणाचा रंग एक छटा गडद होतो आणि ते परातीच्या कडेला चिकटण्याऐवजी स्वतःलाच चिकटू लागते. आता एक चिमूट मिश्रण अंगठा आणि पहिल्या बोटात दाबून पाहावे. दाबलेल्या कपच्यावर अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या आणि अंगठ्यावर तेलाची किंचित चमक राहिली तर मिश्रण तयार आहे. कपचा भुरभुरला तर अर्धा चमचा तूप आणखी घालावे. अंगठ्याला लगदा चिकटून आला तर बाजूला ठेवलेली भरड मिसळून दहा मिनिटे थांबावे.

लाडू लिंबापेक्षा लहान, साधारण २० ग्रॅमचे वळावेत. हात पूर्ण कोरडे असावेत. पहिल्यांदा मूठ घट्ट आवळून मिश्रण दाबावे, मग मूठ सैल करून गोलाई द्यावी. सुरुवातीपासून गोल फिरवत राहिले तर वरून गुळगुळीत दिसणारा लाडू आतून पोकळ राहतो आणि डब्यात फुटतो. एका लाडवात साधारण सव्वासहा ग्रॅम गूळ आणि सुमारे १०० किलोकॅलरी असतात, तेव्हा हा खाऊ घरचा असला तरी दोनवर थांबणे बरे. गूळ साखरेपेक्षा कमी गोड समजून मुठीमुठीने खाण्याची आपली सवय तशी जुनीच आहे.

फरक करायचा असल्यास

गूळ टाळायचा असेल तर २०० ग्रॅम बिया काढलेला मऊ काळा खजूर एक चमचा तुपावर तीन-चार मिनिटे परतून डावाने घोटावा आणि गॅस बंद करून त्यात शेंगदाण्याचे कूट, राजगिऱ्याच्या लाह्या आणि काजूचे तुकडे मिळून १५० ग्रॅमच्या आसपास घालावेत. काजूसाठी आम्हाला लांब जावे लागत नाही. चंदगड आणि आजऱ्याचा काजू कोल्हापुरात सहज मिळतो, आणि लाडवासाठी अख्ख्यापेक्षा तुकडा काजूच परवडतो. खजुराचे मिश्रण कोमट असतानाच वळावे, थंड झाल्यावर ते दगडासारखे आवळते.

गॅस अजिबात पेटवायचा नसेल तर डाळ्यांचे लाडू करावेत. पंढरपुरी डाळे आधीच भाजलेले असल्यामुळे २०० ग्रॅम डाळ्यांचे बारीक पीठ, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि ७० ते ८० ग्रॅम पातळ तूप एकत्र मळले की काम झाले. अकरा-बारा वर्षांचे मूलही हे लाडू वळू शकते. मिक्सर फक्त मोठ्यांनी चालवावा.

राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा या भागातली नाचणी वापरायची असेल तर शंभर ग्रॅम पीठ दोन मोठे चमचे तुपावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटे भाजावे. नाचणी मुळातच तांबूस असल्याने रंगावरून अंदाज येत नाही, वासावर विसंबावे लागते: मातकट वास जाऊन खमंग वास आला की पीठ झाले. हे पीठ शेंगदाण्याच्या शंभर ग्रॅम कुटात आणि तेवढ्याच गुळात मिसळावे. ओट्स वापरायचे झाल्यास तेही पाच मिनिटे कोरडे भाजून, भरड करून घ्यावेत.

घरात लहान मुले असतील तर तीन गोष्टी पाळाव्यात. चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे किंवा जाड दाणे असलेला लाडू देऊ नये, कारण दाणा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी कूट अगदी बारीक करावे आणि लाडू कुस्करून द्यावा. गुळाऐवजी मध घालणार असाल तर वर्षाच्या आतील बाळाला तो लाडू चाखायलाही देऊ नये. आणि शाळेच्या डब्यात पाठवण्यापूर्वी वर्गातल्या कोणाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का, हे शिक्षकांना विचारून घ्यावे.

साठवण

एका जुलैत मी रात्री उशिरा लाडू वळले आणि झोपेच्या घाईत, कूट अजून कोमट असतानाच, स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावले. चौथ्या दिवशी डबा उघडल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले आणि तळच्या लाडवांवर पांढरी बुरशी. दाणे नीट गार झाले नव्हते आणि गूळ पाझरलेला होता. दोन्ही चुका माझ्याच. तेव्हापासून वळलेले लाडू परातीत तासभर उघडे ठेवते आणि मगच भरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की चुरमुरेसुद्धा सकाळचे संध्याकाळी मऊ पडतात, मग गुळाचे काय सांगावे. या दिवसांत लाडू एका वेळी निम्म्या प्रमाणात करावेत आणि पाच-सहा दिवसांत संपवावेत किंवा फ्रिजमध्ये ठेवावेत. थंडीत तेच लाडू हवाबंद डब्यात दहा-बारा दिवस उत्तम टिकतात. ओले खोबरे घातले असेल तर ऋतू कोणताही असो, फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांच्या आत खावे.

डब्यात ओला चमचा किंवा ओला हात जाऊ देऊ नये. खवट वास आल्यास लाडू पुन्हा भाजून सुधारण्याचा खटाटोप करू नये, ते टाकूनच द्यावेत. मात्र केवळ फुटलेले लाडू वाया जात नाहीत: तो भुगा मऊ भाकरीवर पसरून वर तुपाची धार सोडली की शाळेतून आलेल्या मुलांसाठी पाच मिनिटांत दुसरा खाऊ होतो.